कुरखेड्याचा तेंदूपत्ता : ठेकेदाराची फळी ते ग्रामसभेचा लिलाव

सजीव परिसराकडून सतत काही घेऊन आणि परिसराला काही देऊनच टिकतो, असे जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांनी 1950 च्या सुमारास मांडले. अशा रचनेला ‘खुली प्रणाली’ म्हणतात. डॅनियल कात्झ आणि रॉबर्ट कान यांनी 1966 मध्ये ही कल्पना संस्थांना लावली आणि संस्था आपल्या कामाच्या परिणामांची बाहेरून परत येणारी माहिती, म्हणजेच प्रत्याभरण, ऐकून स्वतःला सुधारते, असे दाखवले. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्याचा तेंदूपत्ता व्यवसाय या दृष्टीने पाहिला, तर त्याचे जुने दुखणे नेमके कळते.

या धंद्यात बंद असे काहीच नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपे छाटली की कोवळी पालवी फुटते. मे महिन्यात घरातील सारी माणसे पहाटे रानात जाऊन पाने तोडतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि तो फळीवर, म्हणजे गावाजवळच्या संकलन केंद्रावर, देतात. तेथे वाळलेल्या 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. एका अवकाळी पावसाने वाळत घातलेला माल काळवंडतो, आणि दूरच्या विडी कारखान्यातील मागणी घटली की फळीवरचा भाव पडतो.

वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा राज्याचा कायदा 1969 मध्ये आला आणि तेंदूपत्ता सरकारच्या मक्तेदारीखाली गेला. जंगलाचे घटक पाडून ते ठेकेदारांना दिले जाऊ लागले. पाने तोडणाऱ्याला केवळ मजुरी मिळे, बाजारभावाची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नसे, आणि भरघोस पालवीसाठी लावलेल्या आगीत होरपळणाऱ्या रानाची हानी ठेकेदाराच्या हिशेबात कधीच येत नसे. 1980 नंतर नक्षलवादी चळवळीच्या दबावाने दर वाढले, हे खरे. तथापि वाढीव मजुरी म्हणजे निर्णयातील वाटा नव्हे. प्रत्याभरणाची वाट तुटलेलीच राहिली.

ती वाट कायद्याने जोडली. कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे 1996 च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे देण्याची तरतूद केली, 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू यांचा गौण वनोपजात स्पष्ट समावेश केला, आणि 2014 मध्ये राज्याने पेसाचे नियम केले. कुरखेड्यातील ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेसारख्यांनी ग्रामसभांच्या बळकटीसाठी केलेले काम या टप्प्यावर मोलाचे ठरले. आता लिलाव ग्रामसभा करू शकते; पाने तोडणारा, भाव ठरवणारा आणि रानाचे नुकसान सोसणारा एकच असल्यामुळे वणवा रोखणे हा गावाच्या व्यवहाराचाच भाग होतो.

परंतु खुलेपणाबरोबर जोखीमही गावात आली. 2017 मध्ये तेंदूपत्त्यावर 18 टक्के आणि विडीवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागला, तेव्हा दिल्लीतील या निर्णयाचा भार सोसण्याची पाळी ग्रामसभांवरही आली. भाव पडला असता माल रोखून धरण्यासाठी गोदाम आणि खेळते भांडवल लागते. कायद्याने मालकी दिली, या दोन गोष्टी दिल्या नाहीत. शासनाने आणि सहकारी बँकांनी त्यांची सोय आधी करावी.