अवयवाच्या किमतीपासून कामाच्या सोयीपर्यंत

अपंगत्व आलेल्या कामगाराने मालकाकडे काय मागावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तीन कायद्यांतून घडत गेले. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची क्षमता किती टक्के घटली, याची अनुसूची 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने दिली. त्या कायद्यान्वये पैसा मागता येई. काम मागता येत नसे. 1995 च्या कायद्यातील कलम 47 ने शासकीय आस्थापनांना अशा कर्मचाऱ्यास काढण्याची मनाई केली. जुने काम जमेना तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद, तेही नसल्यास अधिसंख्य पद द्यावे, असे ठरले. तरी जागा सोडावयाची ती माणसानेच. कामाची जागा व पद्धती यांतच वाजवी बदल करण्याचे कर्तव्य 2016 च्या कायद्याच्या कलम 20 ने शासकीय आस्थापनांवर घातले.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी शासकीय कंपन्यांच्या असल्याने या कर्तव्याच्या कक्षेत येतात. परंतु याच जिल्ह्यातील विडीकामगार स्त्रिया घरी बसून तेंदूपाने कातरतात, तंबाखू भरून विड्या सुताने बांधतात आणि हजारी दराने मजुरी घेतात. बोटे आखडली की हजार पुरा होत नाही. कारखानदार दूर, मध्ये ठेकेदार. अर्ज लिहावा तो कोणाच्या नावे? म्हणून या इतिहासाचा पुढील शोध निर्माणीच्या दप्तरात नव्हे, विडीच्या सुपापाशी घेणे अगत्याचे आहे.