रोगप्रतिकारक्षमता : संकल्पनांचा इतिहास

शरीरात शिरलेल्या जंतूंना वा परकी पदार्थांना ओळखून त्यांचा अपाय टाळण्याचे जे सामर्थ्य प्राण्यांच्या अंगी असते, त्यास रोगप्रतिकारक्षमता किंवा प्रतिक्षमता म्हणतात. या विषयातील बहुतेक संज्ञा १८८० नंतर रूढ झाल्या. त्यांमागील अनुभव मात्र पुष्कळ जुना असून महाराष्ट्रात तो देवी, प्लेग व सर्पदंश यांच्या निमित्ताने आलेला आहे.

एकदा देवी येऊन गेलेल्या माणसास त्या पुन्हा येत नाहीत, हे खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक होते. रोग व देवता यांना एकच शब्द होता, आणि पुढे लस टोचण्यासही ‘देवी काढणे’ हेच नाव पडले. रोगातून बरे झाल्यावर लाभणाऱ्या या संरक्षणास अर्जित सक्रिय प्रतिक्षमता म्हणतात. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीची लस टोचून हेच संरक्षण मूळ रोगाचा धोका न पत्करता मिळविता येते, असे दाखविले. बगदाद व बसरामार्गे ही लस मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली लस टोचण्यात आली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचून लस पुढे नेत. मुंबईहून ती पुणे, सुरत, मद्रास व हैदराबाद येथे पोहोचली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता.

हे संरक्षण कशामुळे मिळते, याचा उलगडा १८८२ नंतर होऊ लागला. त्या वर्षी इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या डिंभात परकी कण गिळणाऱ्या कोशिका पाहिल्या. त्या भक्षिकोशिका होत. त्यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन प्लेगची साथ उद्‌भवल्यावर ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत, तुपाचा तवंग असलेल्या मांसरसात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले आणि उष्णतेने मारून त्यांची लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली व न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात रोगाचे प्रमाण कमी आढळले. बंदिवानाच्या स्वेच्छेला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. संकल्पनेच्या दृष्टीने या लसीचे महत्त्व असे की, जंतू जिवंत नसला तरी त्याच्या घटकांमुळे प्रतिक्षमता उत्पन्न होते. अशा घटकास प्रतिजन म्हणतात.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दोष लसीच्या तत्त्वाचा नसून बाटलीत झालेल्या दूषणाचा होता. पण लोकांच्या मनातील भीतीला हा भेद कळणे कठीणच. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

रक्तातील संरक्षक द्रव्याचा शोध धनुर्वाताच्याच अभ्यासातून लागला. एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखविले की, धनुर्वाताच्या जीवविषास सरावलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास वाचवू शकतो. या रक्तरसातील विशिष्ट प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. दुसऱ्याच्या प्रतिपिंडांमुळे मिळणारे संरक्षण निष्क्रिय प्रतिक्षमता होय. ते तत्काळ मिळते, पण टिकत नाही. सर्पविषावरील प्रतिविष याचेच उदाहरण आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषाची अल्प मात्रा घोड्यांना वाढत्या क्रमाने देऊन त्यांच्या रक्तरसापासून ते बनवितात. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात शेतात राबणाऱ्यांचा जीव हे औषध वेळेवर मिळण्यावर अवलंबून असतो. मात्र त्यामुळे पुढच्या दंशापासून संरक्षण मिळते, ही समजूत चुकीची आहे.

प्रतिपिंडे कोण बनविते, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडले की, प्रत्येक लसीका कोशिका एकाच प्रतिजनास ओळखते व तो भेटल्यावर तिचीच संतती वाढते. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये यौवनलोपी ग्रंथीचे कार्य दाखविले. तेथे परिपक्व होणाऱ्या टी कोशिका व अस्थिमज्जेतून येणाऱ्या, प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी कोशिका हा भेद त्यानंतर स्पष्ट झाला. एड्‌समध्ये साहाय्यक टी कोशिकांचाच नाश होत असल्याने एरवी क्षुल्लक असणारे जंतूही प्राणघातक ठरतात.

संसर्ग ओसरल्यावर काही लसीका कोशिका स्मृतिकोशिका म्हणून उरतात. पुनर्भेटीत त्या त्वरेने प्रतिसाद देतात. लसीच्या दुसऱ्या वा पूरक मात्रेमागे हेच तत्त्व आहे. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असली, तर उरलेल्यांनाही आडोसा मिळतो; यास समूह प्रतिक्षमता म्हणतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्यात परततात. पहिली मात्रा गावी घेतलेल्या मुलाची दुसरी मात्रेची वेळ कारखान्याच्या थळावरील कोपीत येते. म्हणून अशा मुलांसाठी नोंदीचे कार्ड बरोबर असणे आणि जेथे फड असेल तेथील आरोग्यसेविकेने ते पाहून लस देणे, हाच उपाय उरतो.