‘अमक्याची बायको’: मतदार यादीतून वगळलेल्या २८ लाख स्त्रिया

१/ मतदार यादीतून नावे वगळण्याचा वाद आजचाच वाटतो. परंतु स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून काढून टाकल्या गेल्या होत्या. त्या का काढल्या, याचा हा धागा.

२/ १९३५ च्या कायद्यात मताधिकार मुख्यतः मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून होता. अनेक प्रांतांत विशिष्ट मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी म्हणून स्त्रीला मत मिळे. राज्यघटनेने ही अट मोडून २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मताधिकार दिला.

३/ यादीचे काम १९४८ मध्येच, राज्यघटना पूर्ण होण्यापूर्वी सुरू झाले. नोंदणी कर्मचारी दारोदार गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. परक्या पुरुषाला नाव सांगणे रूढीला मान्य नव्हते. मग ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशाच नोंदी झाल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेशात हे विशेष घडले.

४/ मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. नाव हा ओळखीचा अनिवार्य भाग आहे, नावाविना नोंद ठेवता येणार नाही, अशी आयोगाची भूमिका होती. तिला आधार होता: मतदान केंद्रावर ‘अमक्याची बायको’ म्हणून कोणीही उभी राहिली, तर ओळख कशी पटवायची?

५/ नावे द्यावीत म्हणून आवाहने झाली. बिहारला महिनाभर खास मुदतवाढ मिळाली आणि तिचा चांगला उपयोगही झाला. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाख, म्हणजे दर २८-२९ स्त्रियांमागे एक, बाहेर राहिल्या.

६/ याच यादीची दुसरी बाजूही पाहा. नोंदणीसाठी १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. फाळणीत उखडलेले निर्वासित ती कशी पुरी करणार? येथेच कायम राहण्याचा इरादा जाहीर केला तरी त्यांची नोंद करावी, असे ठरले. तेथे नियम माणसासाठी वाकला.

७/ सेन यांच्या मते या प्रकरणाचा गवगवा झाला हे बरेच झाले, कारण त्यामुळे पुढील निवडणुकीपर्यंत ही रूढी नाहीशी होईल. पण रूढी समाजाची होती आणि मत गेले त्या स्त्रियांचे. पूर्वी जे पत्नीपद मताला पात्र ठरवी, तेच आता नोंद काढण्याचे कारण ठरले.

८/ यादी अचूक हवी, यात वाद नाही. प्रश्न असा की चूक दुरुस्त करण्याचा भार कोणी उचलायचा: राज्यसंस्थेने, की जिला दाराबाहेर बोलण्याचीही मुभा नाही तिने?

तुमच्या आजी-पणजीने १९५१-५२ मध्ये मत दिले होते का? घरी विचारून पाहा, आणि यादीत त्यांची नोंद कोणत्या नावाने होती, तेही.