आपद्धर्माची मुदत : सन १८२७ चें २५ वें रेग्युलेशन व नातू बंधू

आपत्कालीं नित्य नियमांस मुरड घालावी लागते, हें आमच्या धर्मशास्त्रकारांसही मान्य होतें. शांतिपर्वांत आपद्धर्मावर स्वतंत्र उपपर्वच आहे. परंतु मनुस्मृतीच्या ११ व्या अध्यायांत त्यास मर्यादाही घातली आहे : आपत्ति नसतां जो आपत्कल्पानें वागतो, त्यास त्या कर्माचें फळ परलोकीं मिळत नाहीं. म्हणजे आपत्ति सरतांच सवलतही सरली. ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, हें पुण्याच्याच एका प्रकरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८१८ त बंगाल्यांत ३ रें, १८१९ त मद्रासेस २ रें व १८२७ त, एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत, मुंबईस २५ वें रेग्युलेशन झालें. तिहींचा आशय एकच : राज्याच्या हितास्तव सरकारनें एखाद्यास खटल्यावांचून कैदेंत ठेवावें. राज्यें नुकतींच बुडालीं होतीं. तेव्हां भीति अगदींच निराधार नव्हती. बंगालच्या रेग्युलेशनांत कैद्याच्या वर्तनाचा व प्रकृतीचा अहवाल दर सहा महिन्यांनीं सरकारास पाठवावा, असेंही होतें. नव्हती ती मुदत.

त्यामुळें ७० वर्षांनींही तें हत्यार तसेंच हातीं राहिलें. ता. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेर सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांस या रेग्युलेशनान्वयें धरलें व त्यांची मिळकत जप्त केली. त्याच सुमारास टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. दोन्ही प्रकरणांच्या तारखा शेजारीं मांडून पाहाव्या. टिळकांस ज्यूरीपुढें उभें करून १४ सप्टेंबर १८९७ रोजीं १८ महिन्यांची शिक्षा झाली. ते ६ सप्टेंबर १८९८ रोजीं सुटले. नातूंवर आरोप नाहीं, खटला नाहीं, शिक्षा नाहीं. आणि शिक्षाच नाहीं म्हणून तिची अखेरही नाहीं. त्यांची मुक्तता १८९९ त झाली. शिक्षा झालेला आधीं सुटला. न झालेले मागाहून!

खून ही आपत्ति नव्हती काय, असें कोणी विचारील. होती. परंतु दामोदर चाफेकरांचा खटला साध्या कोर्टांतच चालला व १८ एप्रिल १८९८ रोजीं त्यांस फांशीही झाली. त्यानंतरही नातू बंदींतच होते. हीं रेग्युलेशनें रद्द करावीं, अशी मागणी डिसेंबर १८९७ च्या अमरावतीच्या काँग्रेसनें केली होती. ती व्यर्थ गेली.

स्वराज्यांतही हा दोष समूळ गेला नाहीं. २६ ऑक्टोबर १९६२ रोजीं पुकारलेली आणीबाणी, चीनशीं लढाई महिन्याभरांत थांबली असतां, १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. मध्यंतरीं १९६५ चें युद्ध झालें, हें खरें. २५ जून १९७५ ची आणीबाणी २१ मार्च १९७७ पर्यंत राहिली. त्या काळांत स्थानबद्धास न्यायालयाचें दार ठोठावतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक मतानें दिला. विरुद्ध मत न्या. खन्ना यांचें. पुढें १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचें २१ वें कलम आणीबाणींतही अबाधित केलें, आणि आणीबाणीस दर सहा महिन्यांनीं संसदेची नवी संमति आवश्यक ठरविली. १८१८ त सहामाही अहवाल सरकारच सरकारास देई. आतां जाब लोकप्रतिनिधींपुढें द्यावयाचा आहे. मनूची मर्यादा ती हीच.

संग्राहकांस एकच विनंति. असल्या प्रकरणांत अटकेचा हुकूम हौसेनें जपला जातो. सुटकेचा कागद रद्दींत जातो. तोही शोधावा. अंमल कसा होता, हें त्या दोन तारखांमधील अंतरच सांगतें.