गळ्यावरची पट्टी

सुरगाण्याकडील एक विद्यार्थी गेल्या वर्षीं मजकडे आला, तो तक्रारीच्या सुरांतच. त्याच्या आईचा गलगंड शहरांतील एका रुग्णालयांत शस्त्रक्रियेनें काढला होता. जखम गळ्याच्या पुढच्या बाजूस आडवी गेलेली, आणि तिच्यावर बोटभर रुंदीची पातळ चिकटपट्टी! "सर, गळा कापला आणि एवढीशी पट्टी? आम्ही गरीब म्हणून तर असें केलें नसेल ना?" मी इतिहास शिकवितों, वैद्यक नव्हे. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे, आणि त्या उत्तराचा एक धागा त्याच्याच मुलखाच्या रानांतून निघतो.

सुरगाणा हें एके काळचें लहानसें संस्थान. १९४८ सालीं तें विलीन झालें. गुजरातच्या सीमेस लागलेल्या त्या डोंगराळ मुलखांत खैराचीं झाडें आहेत. खैराच्या गाभ्याचा काढा आटवून कात करितात. पानाच्या तबकांत तो आपण नित्य पाहतों. पण एके काळीं तो शस्त्रवैद्याच्याही हातीं होता, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकणाऱ्या कावसजी नांवाच्या मनुष्याचें नाक टिपूच्या कैदेंत कापलें गेलें होतें. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका वैद्यानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. नाकाच्या ह्या कौशल्याचें युरोपांत मोठें कौतुक झालें. पट्टीकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष गेलें. पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांस माखून अशा पांचसहा पट्ट्या एकावर एक बसवीत. चार दिवस दुसरें कांहीं लावीत नसत. मग त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवीत. यांतील हेतु उघड आहे. आरंभीं कातडी जागेवरून हलूं नये, आणि पुढें कापड चिकटून ती सोलली जाऊं नये. पट्टी म्हणजे केवळ आच्छादन नव्हे. कोणत्या जखमेचें भय कशाचें आहे, हें ओळखून केलेली ती निवड आहे.

मग गळ्याच्या जखमेचें भय कशाचें? सुश्रुतसंहितेंत जखमा बांधण्याच्या बंधांचे चौदा प्रकार सांगितले आहेत, आणि ताणाचे तीन: गाढ, सम व शिथिल. मांडी व मस्तक यांवर गाढ, डोळे व सांधे यांवर शिथिल, आणि कंठावर सम, म्हणजे ना घट्ट ना सैल. ज्या गलगंडाच्या रोग्याचा श्वास कष्टानें चालतो व स्वर फुटला आहे, त्यास वैद्यानें हातीं धरूं नये, असेंही त्याच ग्रंथांत आहे. श्वासाचा मार्ग येथून जातो, याची जाणीव त्या काळींही होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील शस्त्रवैद्यही ह्या ग्रंथीस हात लावण्यास भीत. रक्तस्राव आवरत नसे, आणि रोगी त्यांतून वांचलाच तर जखम कुजे. १८६७ सालीं लिस्टर यानें कार्बोलिक अ‍ॅसिडांत भिजविलेल्या पट्ट्यांची आपली रीत प्रसिद्ध केली, आणि कुजण्याचें भय ओसरूं लागलें. स्वित्झर्लंडांतील बर्न येथील कोखर यानें एकेक रक्तवाहिनी शांतपणें बांधून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धति घालून दिली. आरंभीं त्याच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें तेरा दगावत; १९१७ सालीं तो वारला तोंपर्यंत हें प्रमाण दोनशांत एकाच्या आसपास आलें होतें. १९०९ सालचें नोबेल पारितोषिक त्यास ह्याच ग्रंथीवरील कार्यासाठीं मिळालें.

तरीही एक भय उरलेंच. ह्या ग्रंथीस रक्ताचा पुरवठा विपुल, आणि ती श्वासनळीस बिलगलेली. शस्त्रक्रियेनंतर आंत रक्त सांचलें, तर बाहेर थेंबही न येतां गळा फुगतो व श्वास कोंडतो. असें क्वचित् घडतें, आणि घडलें तर बहुधा पहिल्या दिवसांतच. अशा वेळीं खाटेवरच टाके उघडून रक्तास वाट करून द्यावी लागते. जाड गुंडाळी हा आंतील रक्तस्राव थांबवूं शकत नाहीं. उलट गळ्यावरची सूज मात्र झांकून ठेविते. शिवाय टाक्यांनीं जुळविलेल्या जखमेच्या कडा सुमारें दोन दिवसांत मिटतात. उघड्या जखमेवरही कापसाचे थर लागतातच असें नाहीं. १९६२ सालीं जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञानें डुकरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, पातळ आवरणाखालीं ओलसर राहिलेल्या जखमेवर, खपली धरून सुकणाऱ्या जखमेपेक्षां, त्वचा लवकर येते. म्हणून आज गळ्यावर पातळ पट्टी, पारदर्शक पापुद्रा किंवा नुसता वैद्यकीय डिंकही पुरेसा मानतात.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. पट्टी लहान होती ती गरिबीमुळें नव्हे. गळा दिसत राहावा म्हणून. त्याचा चेहरा उजळला, पण लगेच तो म्हणाला, "हें आम्हांला तेथें कोणीं सांगितलें नाहीं." ह्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. आई घरीं आल्यावर गळ्याची सूज वाढूं लागली, श्वास जड झाला, जखम लाल होऊन पू आला किंवा ओठांभोंवतीं मुंग्या येऊं लागल्या, तर क्षणभर न थांबतां डॉक्टर गांठावा, हें त्या घरास आधींच कळावयास हवें होतें. घाटापलीकडच्या गांवीं रात्रीं गाडी मिळण्यासच किती वेळ लागतो, हें तो मुलगा जाणतो.

आपल्या प्राचीन वैद्यकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. सुरगाण्याच्या त्या घरांत परिचारक तो मुलगाच होता. पट्टी पाहण्याजोगी ठेविली, पण काय पाहावयाचें तें पाहणाऱ्यास सांगितलें नाहीं, तर चौथा पाय लंगडाच राहिला म्हणावयाचा.