गोतसभेपासून समुपदेशनापर्यंत : नगर जिल्ह्यातील घरगुती दुःखाचा इतिहास

मलिक अहमद निजामशहाने १४९० साली अहमदनगर शहर वसविले, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. भुईकोट किल्ला, चांदबिबीचे शौर्य, मलिक अंबरची जमाबंदी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, त्याच शतकांत, जे संसार मोडावयास आले, ज्या लेकी माहेरी परतल्या, ज्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, त्यांची विचारपूस कोणी केली आणि कोणत्या रीतीने केली, हा इतिहास क्वचितच मांडला जातो. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तर तो यावयासच हवा. कारण हे काम पूर्वी जातीकडेच होते.

मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार असे सर्व बसून उभय पक्षांचे म्हणणे ऐकत व निर्णयाचा महजर होई. लग्न, पाट, काडीमोड, नांदविणे-टाकणे या बाबी मात्र बहुधा त्या त्या जातीच्या पंचांपुढे येत. या व्यवस्थेचे गुण नाकारता येणार नाहीत. पंचांस दोन्ही घरे पिढ्यान् पिढ्या माहीत असत. रुसलेला जावई आणि हट्टास पेटलेला सासरा यांस समोरासमोर बसविण्याचे सामर्थ्य त्यांच्या शब्दांत होते. भाषा घरची, खर्च थोडा आणि निकाल लवकर.

पण तो अखेर निवाडाच होता. एकाचे खरे व दुसऱ्याचे खोटे ठरल्यावाचून सभा उठत नसे. खरेखोटे न कळल्यास तापल्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ‘रवा’ नावाचे दिव्य करावे लागे. दोषी ठरेल त्यास दंड, न मानल्यास वाळीत टाकणे. आणि प्रायश्चित्त व जातभोजन झाल्यावरच पुन्हा गोतात घेणे. जिच्याविषयी हे सर्व चाले ती स्त्री पंचांत कधी बसत नसे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, भटक्या जमातींच्या पंचायती अगदी अलीकडेपर्यंत भरत असत. त्यांवर बरीच टीका झाली आहे. तथापि, स्थिर वस्तीच्या जातींनीही शतकानुशतके हीच पद्धत चालविली, हे विसरून केवळ त्या बांधवांकडे बोट दाखविणे न्याय्य होणार नाही.

इंग्रजी अमलात पंचांच्या अधिकारास कायद्याने मर्यादा घातली. १८७६ साली, शंभू रघू याच्या खटल्यात, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा नवऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या हयातीत बायकोस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला. पंचांची सत्ता त्यामुळे उणावली खरी, परंतु नांदणे अशक्य झालेल्या स्त्रीची एक जुनी वाटही अरुंद झाली. ती पुन्हा मोकळी होण्यास १९४७ चा मुंबई हिंदू घटस्फोट कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावे लागले. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला असून आज कोणासही वाळीत टाकणे हा गुन्हा आहे.

कायद्याने दंडाची सत्ता काढून घेतली. मग सांत्वनाचे काम कोणाकडे गेले? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने प्रथमच न्यायाधीशाच्या जोडीस समुपदेशक दिला. त्याच वर्षी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रारीच्या जागी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसून ऐकू लागली, ही त्यातील नवी गोष्ट होय.

मनाच्या आजाराची कथा याहून करुण आहे. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याचा भर रुग्णास ताब्यात घेण्यावर होता. ठाणे किंवा येरवडा येथील इस्पितळात माणूस पोहोचविला, की पुष्कळदा घराचा त्याच्याशी संबंध संपे. अशा काळात, १९३६ साली, याच जिल्ह्यातील राहुरी येथे मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आश्रम काढला आणि तेथील रुग्णांस ते स्वतः स्नान घालीत. तो वैद्यकीय उपचार नव्हता. परंतु ज्यांस घरचेही शिवत नसत त्यांस कोणी आपल्या हातांनी न्हाऊमाखू घातले, याची नोंद आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाने ठेवली पाहिजे. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून नातेवाइकांस रुग्णांजवळ राहावयास लावले. आजार एकाचा असला तरी बरे होण्याचे काम साऱ्या घराचे असते, हे त्यांनी दाखवून दिले. भारतातील कुटुंबोपचाराचा प्रारंभ येथून मानला जातो.

व्यसनाच्या बाबतीत दोन पद्धतींतील भेद विशेष स्पष्ट होतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले. त्यांच्या दारूबंदीच्या मोहिमेत वारंवार पिणाऱ्यास खांबास बांधून फटके दिले जात. ही गोष्ट त्यांनी लपविलेली नाही. गावची दारू हटली व अनेक संसार वाचले, हे त्या गावाचे श्रेय आहे. तरीही ती रीत गोतसभेच्या दंडाचीच होती. उलट १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने पिणाऱ्यास रुग्ण मानले, मार न देता बोलते केले आणि त्याच्या पत्नीसही उपचारात सामावून घेतले. नवरा पीत असता जी वर्षानुवर्षे मन मारून जगली, तिच्या मनासही औषध हवे, हा विचार तेथे रुजला.

खुद्द आपल्या जिल्ह्यात या नव्या विचाराचे बीज जामखेडला सापडते. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका केले आणि महिला मंडळे उभी केली. या कार्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातील स्त्रियांनी मनाच्या स्वास्थ्याचा संबंध दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण, सासरची वागणूक यांच्याशी जोडला होता. विद्यापीठात न गेलेल्या या भगिनींस मर्म नेमके कळले होते. नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माऊली’ ही संस्था रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करीत आहे. या स्त्रियाही कोणत्या तरी घरच्या लेकी-सुना आहेत, हे आपण ध्यानी घ्यावे.

समुपदेशन म्हणजे काय, याविषयी आपल्या घरांत अजून गैरसमज आहेत. समुपदेशक उपदेश करीत नाही व निकालही देत नाही. एकट्या व्यक्तीशी बोलताना तो तिच्या विचारांची गाठ तिलाच सापडू देतो. पतिपत्नी असल्यास, चूक कोणाची हे न विचारता, भांडण कशावरून उठते, कोणत्या शब्दाने भडकते व कोण प्रथम गप्प होते, हा क्रम दोघांसमोर ठेवतो. कुटुंब असल्यास सासू, सून, मुलगा, नातू या सर्वांचे ऐकतो. पुष्कळदा ज्यास आपण ‘बिघडलेला’ म्हणतो तो मुलगा साऱ्या घराचा ताण वाहत असतो. तेथे बोललेले तेथेच राहते. मात्र जेथे मारहाण आहे तेथे ‘जुळवून घे’ असा सल्ला धोक्याचा असतो. तेथे आधी सुरक्षितता व २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार, मग इतर सर्व.

आता आपल्यापुरते. पंच गेले, दंड गेला, पण वाळीत पडण्याचे भय आपल्या मनांतून गेलेले नाही. मुलीस नैराश्य आले तर ‘स्थळे येणार नाहीत’ म्हणून घर दार लावून घेते. मुलगा पितो हे लग्न ठरेपर्यंत लपविले जाते, आणि मग परक्याची लेक ते आयुष्यभर भोगते. ज्या वधूवर-मेळाव्यांचा आपणांस अभिमान वाटतो, तेच या मौनाचे कारण होत असतील, तर संस्थेने विचार केला पाहिजे. डॉक्टरांकडे जाणे हा स्थळाचा दोष नव्हे, आजार लपविणे हा दोष होय, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी मेळाव्यात उघड सांगावे. विवाह ठरलेल्या जोडप्यांनी एकदा तरी समुपदेशकाची भेट घ्यावी, असा परिपाठ पाडावा. ज्यांस जवळ कोणी नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक सभासद-कुटुंबाने टिपून ठेवावा.

गोतसभेचे दोन भाग होते : बसून ऐकणे आणि उठून दंड करणे. दुसरा भाग कायद्याने संपविला, हे इष्टच झाले. पहिला भाग मात्र कोणी आपल्याकडून काढून घेतलेला नाही. तो आपणच सोडून दिला आहे. संकटात सापडलेल्या ज्ञातिबंधूकडे वा भगिनीकडे जाऊन, निवाडा न करता, घटकाभर ऐकून घेण्याचे आणि योग्य जाणकारापर्यंत सोबत करण्याचे काम या संस्थेने पुन्हा हाती घ्यावे, एवढीच सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.