शनिवारवाड्यातील उत्सव व समारंभ

शनिवारवाड्यातील उत्सव व समारंभ : पुणे येथील पेशव्यांच्या शनिवारवाड्यात, आणि त्याच्या अनुषंगाने शहरात व पर्वतीच्या पायथ्याशी, अठराव्या शतकात होत असलेले ऋतुमानाप्रमाणेचे सण, दानसमारंभ, दरबार व स्वाऱ्या, तसेच पेशवाई संपल्यानंतर त्याच जागी घडलेले सार्वजनिक प्रसंग. पेशव्यांचे घर हेच राज्याचे हुजूर असल्यामुळे येथील सण देवघराइतकाच दफ्तराच्याही कक्षेत येई.

वास्तू : पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. मूळ बांधकामास १६,११० रुपये खर्च आल्याचे सांगतात. समारंभांच्या दृष्टीने महत्त्वाचे भाग तीन : ज्यावर नगारखाना आहे तो उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा, नानासाहेबाने १७५५ मध्ये बांधविलेला गणेश रंगमहाल, आणि सवाई माधवरावाच्या करमणुकीसाठी केलेले, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या घाटाचे हजारी कारंजे.

साधने : या विषयाची माहिती मुख्यतः पेशवे दफ्तरातून मिळते. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजनिशीतील उतारे आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतर प्रसिद्ध झालेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग हे त्यांतील प्रमुख होत. हे कागद जमाखर्चाच्या गरजेतून निर्माण झालेले असल्याने बिदागी, वस्त्रे, शिधा, तेल आणि दारूसामान यांच्या रकमा जशा त्यांत उतरल्या, तसा प्रेक्षकांचा अनुभव उतरला नाही. तो शोधावयाचा तर बखरी, पोवाडे व परकीय वकिलांची टिपणे यांकडे वळावे लागते आणि त्यांची ग्राह्यता प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासावी लागते. कामाची वाटणी कारखान्यांनुसार असे : बिछायत फरासखान्याची, जेवणावळी मुदपाकखान्याच्या, हत्ती पीलखान्याचे, मानाची वस्त्रे जामदारखान्याची.

वार्षिक क्रम : पर्जन्यकाळी नद्यांना उतार नसे, फौजा छावणीस परतत, आणि मोहिमांवर फिरणारे पेशवे व सरदार आपापल्या ठिकाणी स्थिरावत. त्यामुळे श्रावणापासून आश्विनापर्यंतचे तीन मास हाच वाड्यातील समारंभांचा खरा हंगाम ठरला. विजयादशमीस तो एका अर्थी संपून मुलुखगिरीचा हंगाम सुरू होई. हिवाळा व वसंत यांत येणारे सण हुजूर पुण्यात असण्यावर अवलंबून राहत, आणि म्हणूनच कारकीर्दीचा बराच काळ पुण्यातच काढलेल्या सवाई माधवरावाच्या काळात (१७७४–९५) त्यांना विशेष बहर आलेला दिसतो.

श्रावणमास दक्षिणा : कागदपत्रांच्या विपुलतेने आणि राज्यकारभारातील परिणामाने हा समारंभ सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो. श्रावणात विद्वान ब्राह्मणांस द्रव्य देण्याचा परिपाठ सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केला होता. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर तो बाजीरावाने पुण्यास आणला, आणि सेनापतींच्या घराण्याचे एक पुण्यकृत्य अशा रीतीने पेशव्यांच्या प्रतिष्ठेचे साधन बनले. संख्या वाढत गेल्यावर पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ नावाचे भिंतीचे आवार उभारण्यात आले. ब्राह्मणांना आत घेऊन दरवाजे बंद करीत व बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवीत, म्हणजे एकास दोनदा मिळू नये. शास्त्री-पंडितांचे प्रकरण वेगळे असे. त्यांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे हे काम असताना त्यांनी स्वतःच्या भावास दोनच रुपये देवविले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिला समकालीन आधार कितपत आहे हा प्रश्न वेगळा, पण दक्षिणेतील पक्षपाताविषयी लोकांत कुजबुज होती हे तिच्यावरून दिसते. एकूण खर्चाचे लाखांच्या घरातले जे आकडे सांगितले जातात, ते निरनिराळ्या ग्रंथांत परस्परांशी जुळत नाहीत.

या गर्दीचा एक परिणाम शहराच्या बंदोबस्तावर होई. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेले काही तैलंग ब्राह्मण कोतवाल घाशीराम सावळादास याच्या कैदेत गुदमरून मेले, आणि त्या प्रक्षोभात घाशीरामास जमावाने दगडांनी ठार केले. अपराधाची जबाबदारी कोतवालावर कितपत व त्याच्यावर वरदहस्त ठेवणाऱ्यांवर कितपत, याविषयी मतभेद आहेत.

राज्य गेल्यावरही दक्षिणा एकदम थांबली नाही. इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने तिच्यासाठी सालिना ५०,००० रुपये राखून ठेवले व त्यांतूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे हा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वापरावा अशी मागणी लोकहितवादींसारख्या सुधारकांनी केली, तिला सनातनी मंडळींनी विरोध केला, आणि अखेरीस दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. श्रावणातील दानाचा अंश अशा रीतीने अर्वाचीन मराठी गद्याच्या पदरात पडला.

गणेशोत्सव : गणपती हे पेशव्यांचे आराध्य दैवत. भाद्रपदातील उत्सव गणेश रंगमहालात होई. कीर्तने, गायन, नृत्य व ब्राह्मणभोजने हे त्याचे प्रमुख विधी. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून ज्याला चळवळीचे रूप दिले त्या सार्वजनिक उत्सवाशी याचे नाते थेट परंपरेचे की केवळ स्मरणाचे, याबद्दल एकमत नाही. मधल्या काळात सरदारांच्या वाड्यांतून व संस्थानांतून ही चाल टिकून होती, एवढे निश्चित.

विजयादशमी : शस्त्रपूजन, जरीपटक्यासह सीमोल्लंघनाची स्वारी, आपट्याच्या पानांचे आदानप्रदान, सरदारांच्या नजरा व हुजुरांकडून वस्त्रे असा क्रम असे. सरदारांची हजेरी घेण्याचा व त्यांच्या निष्ठेचा अंदाज बांधण्याचा हा प्रसंग असल्याने मानपानाच्या क्रमास विशेष जपावे लागे. १७९५ च्या दसऱ्याच्या स्वारीस सवाई माधवराव प्रकृती बरी नसताना निघाला. लगोलग, त्याच ऑक्टोबर महिन्यात, वाड्यातील सज्ज्यावरून खाली पडून त्याचा अंत झाला. तो अपघात की आत्मघात, हा वाद मिटलेला नाही.

दीपावली व आतषबाजी : कृष्णाजी विनायक सोहोनी यांच्या ‘पेशव्यांची बखर’ या ग्रंथात महादजी शिंद्यांनी कोटा येथील दिवाळीतील लंकादहनाच्या आतषबाजीचे वर्णन सवाई माधवरावास सांगितल्याची, व तसाच देखावा पर्वतीपाशी करविल्याची हकीकत आहे. बखर पेशवाईनंतरची असल्याने तपशिलाबाबत सावधगिरी इष्ट. तथापि भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिताना प. कृ. गोडे यांनी तिचा उपयोग केला आहे.

रंग : फाल्गुनातील रंगाचा सोहळा सवाई माधवरावाच्या काळी, महादजी पुण्यात असताना, कळसास पोहोचला. शाहीर प्रभाकर यांचा त्यावरील पोवाडा प्रसिद्ध आहे.

मकरसंक्रांत, वर्षप्रतिपदा : घरगुती विधी व तिळगूळ, दफ्तरी नोंदी त्रोटक.

प्रसंगविशेष : सवाई माधवरावाचा १७८३ मधील विवाह हा पुण्यातील सर्वांत थोर लौकिक समारंभ, त्याची कारभारी नाना फडणिसांच्या देखरेखीखालील यादी व्यवस्थेच्या बारकाव्यांमुळे वारंवार उद्धृत होते. टिपूविरुद्धच्या १७९० च्या त्रिवर्ग तहाच्या वेळचा, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट उपस्थित असलेला गणेश रंगमहालातील दरबार चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये चितारला. गणेश रंगमहालाच्या अंतर्भागाची कल्पना आज प्रामुख्याने या चित्रावरून येते. वकील-इ-मुत्लकीची फर्मानबाडी, म्हणजे त्या पदाचे बादशाही फर्मान स्वीकारण्याचा समारंभ (१७९२), मात्र वाड्यात न होता बाहेर उभारलेल्या तंबूंत झाली. दुसरा बाजीराव इतर वाड्यांतही राहत असल्याने त्याच्या कारकीर्दीत समारंभ विखुरले गेले.

१८१७ नंतर : १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला व उत्खननात जोती आणि कारंजी उघडी झाली. दिल्ली दरवाजासमोरील पटांगण विसाव्या शतकात जाहीर सभांचे ठिकाण बनले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभा त्यांत उल्लेखनीय होत. अलीकडे वाड्याच्या इतिहासावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम करण्यात आला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी येथे एल्गार परिषद भरली. तीवरून उद्भवलेला खटला न्यायप्रविष्ट असल्याने अधिक विवेचन केलेले नाही.